चिखलदरा बस सहल: सभासदांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन रात्री आणि तीन दिवसांची मंडळाची यंदाची सहल दिवाळीनंतर चिखलदऱ्याला जाणार आहे. नोंदणी सुरू झाल्यापासून कार्यालयात आणि फोनवर जे प्रश्न येत आहेत, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. तारीख, वर्गणीची रक्कम आणि निवासाचा पत्ता नोंदणी अर्जावर छापलेला असल्याने तो तपशील येथे पुन्हा दिलेला नाही.

चिखलदराच का निवडले? त्याच खर्चात आणखी चार ठिकाणे झाली असती.

झाली असती, यात शंका नाही. पण ती बसच्या खिडकीतून झाली असती. आपल्या सभासदांपैकी बहुतेक जण साठीच्या पुढचे आहेत, आणि अशा मंडळींना रोज नव्या गावी नेऊन रोज बॅगा भरायला आणि उघडायला लावणे म्हणजे सहल नव्हे, बदली होय. म्हणून या वेळी एकच गाव, एकच निवास आणि दिवसाला दोन किंवा तीन ठिकाणे, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. नागपूरहून सुमारे २३० किलोमीटर अंतरावरचे, सकाळी निघून दुपारी पोहोचता येईल असे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे ते थंड हवेचे ठिकाण आपल्याच विदर्भात आहे. एवढे असताना दूर जाण्याचे कारण दिसत नाही.

चिखलदऱ्याची खरी मजा पावसाळ्यात असते. मग सहल नोव्हेंबरमध्ये का?

जुलै-ऑगस्टमधील चिखलदरा सुंदर असते, धबधबे वाहत असतात आणि धुके खोलीच्या दारापर्यंत येते, हे खरे आहे. मात्र त्याच महिन्यांत शनिवार-रविवारी अमरावती, अकोला आणि नागपूरकडची वाहने एकाच वेळी घाटात शिरतात, बस तासन्‌तास एका वळणावर अडकून पडते, आणि पॉइंटवर पोहोचल्यावर शेवाळलेल्या दगडांवरून चालावे लागते. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला हे झेपणारे नाही. शिवाय दाट धुके असले की समोरची दरी दिसतच नाही, आणि पाच-सहा तासांचा प्रवास करून पांढरा पडदा पाहून परत यावे लागते. नोव्हेंबरमध्ये धबधब्यांचे पाणी कमी झालेले असते, ही उणीव मान्य आहे. त्या बदल्यात आकाश मोकळे असते, पायवाटा कोरड्या असतात, डोंगरउतारावरचे गवत सोनेरी होऊ लागलेले असते आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत गावात शांतता असते.

बस कोणत्या मार्गाने जाईल आणि किती वेळ लागेल?

बस सकाळी सहा वाजता निघेल आणि अमरावती मार्गाने वाडी, कोंढाळी, कारंजा (घाडगे) आणि तळेगाव असा प्रवास करील. तळेगाव ओलांडल्यावर वर्धा नदीचा पूल लागतो आणि तेथून अमरावती जिल्हा, म्हणजेच वऱ्हाड, सुरू होतो. पुढे तिवसा आणि मोझरी येते. मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज आश्रमात बस थांबेल; महाराजांची समाधी येथेच आहे. दर्शन आणि नाश्ता धरून हा थांबा पाऊण तासाचा असेल.

अमरावती शहरात जाताना थांबायचे नाही, कारण सकाळच्या गर्दीत एकदा आत शिरलेली बस बाहेर काढण्यात तासभर जातो. वलगाव, आसेगाव या बाजूने साधारण दुपारी बाराच्या सुमारास परतवाड्याला जेवण होईल आणि त्यानंतर धामणगाव गढीच्या रस्त्याने घाट चढायला सुरुवात होईल. परतवाडा ते चिखलदरा हे अंतर जेमतेम तीस किलोमीटरचे असले तरी बसला त्यासाठी तासाहून अधिक वेळ लागतो. सूर्य मावळण्याच्या बऱ्याच आधी वर पोहोचायचे हा या वेळापत्रकातील एकमेव न बदलणारा मुद्दा आहे. नोव्हेंबरमध्ये सहाच्या आतच अंधारू लागते आणि जंगलाच्या कडेच्या घाटात अंधारात बस चालवायची नाही, असे आपण चालकाला आधीच सांगितलेले आहे. वाटेत चहाचा एक थांबा कमी झाला तर त्यामागे हेच कारण असेल.

बस घराजवळ येईल का?

नाही. बस सक्करदरा चौक, शंकरनगर चौक, रवीनगर चौक आणि वाडी नाका या चारच ठिकाणी थांबेल.

एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत आहे. मग एवढी वर्गणी कशासाठी?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला गेला आहे आणि तो रास्तही आहे. एसटीच्या नियमित फेऱ्यांमध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धे तिकीट आहे. आपण भाड्याने घेतलेल्या खासगी बसला या सवलती लागू होत नाहीत. मात्र एसटीने गेल्यास अमरावती आणि परतवाडा येथे सामान घेऊन गाडी बदलावी लागू शकते, चाळीस जणांना एकाच गाडीत जागा मिळत नाही, आणि चिखलदऱ्याला उतरल्यावर एकमेकांपासून काही किलोमीटर दूर असलेल्या पॉइंटवर जाण्यासाठी पुन्हा वेगळी वाहने करावी लागतात. ज्यांना स्वतंत्रपणे एसटीने येऊन निवासात सामील व्हायचे असेल, त्यांच्याकडून प्रवासाचा हिस्सा घेतला जाणार नाही. त्यांनी तसे अर्जावर लिहावे.

नाव मागे घेतल्यास पूर्ण पैसे परत मिळतील का?

निघण्याच्या पंधरा दिवस आधी कळवल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल. त्यानंतर निवास आणि भोजनाचा जो भाग वाचेल तेवढाच परत केला जाईल, बसचा हिस्सा परत मिळणार नाही. काही सभासदांना हे कडक वाटते, म्हणून हिशेब उलगडून सांगतो. बसवाले भाडे माणसांवर नव्हे, तर दिवसांवर आणि किलोमीटरवर ठरवतात, आणि बस उभी असली तरी रोजच्या किमान किलोमीटरचे पैसे घेतात. समजा बसचे भाडे ४०,००० रुपये आहे आणि चाळीस जण येत आहेत, तर प्रत्येकाच्या वाट्याला १,००० रुपये येतात. ऐनवेळी चौघे गळाले, तर उरलेल्या छत्तीस जणांना प्रत्येकी सुमारे १,१११ रुपये पडतात, म्हणजे न येणाऱ्यांचा खर्च येणाऱ्यांच्या खिशातून जातो. आपल्या ऐवजी दुसरा सभासद दिल्यास मात्र एक रुपयाही कापला जाणार नाही, आणि प्रतीक्षा यादीत नावे असल्यामुळे हे बहुधा सहज जमते.

बसमधील जागा कशा मिळतील?

जागांचे वाटप सहलप्रमुख करतील. खिडकीतून रुमाल किंवा पिशवी टाकून धरलेली जागा ग्राह्य मानली जाणार नाही, मग रुमाल कोणाचाही असो. पुढच्या दोन रांगा ज्यांना बस लागते, ज्यांचे गुडघे किंवा कंबर दुखते आणि ज्यांना वारंवार उतरावे लागते, अशांसाठी राखीव आहेत, पदाधिकाऱ्यांसाठी नाहीत. उरलेले सर्व जण रोज दोन रांगा पुढे सरकतील आणि पुढे पोहोचलेले मागे जातील, म्हणजे घाटात सर्वाधिक उसळणारी शेवटची रांग कोणाच्याही नशिबी तिन्ही दिवस राहणार नाही.

मला घाटात उलटीचा त्रास होतो. काय करावे?

परतवाड्याला जेवण हलके घ्यावे, पण उपाशी राहू नये. रिकाम्या पोटी त्रास वाढतो. नाश्त्याच्या वेळी तर्री पोह्यांवरची तर्री त्या एका दिवसापुरती टाळावी, ही सूचना नागपूरकरांना करणे धाडसाचे आहे याची कल्पना आहे. घाटात मोबाइलवर वाचू नये, नजर दूरच्या रस्त्यावर ठेवावी आणि खिडकी थोडी उघडी असावी. उलटीवरील गोळी घाट सुरू होण्याच्या किमान अर्धा तास आधी घ्यावी लागते, म्हणजे परतवाड्याला जेवणाच्या आधीच. पहिल्या वळणावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. अशा गोळ्यांनी झोप येते, आणि रक्तदाबाची किंवा अन्य औषधे चालू असतील तर कोणती गोळी घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे. कागदी पिशव्या आणि आवळासुपारी पहिल्या रांगेत ठेवलेली असेल.

मला फार चालवत नाही. तेथे येऊन काय पाहता येईल?

बरेच काही. पंचबोल पॉइंट, देवी पॉइंट, भीमकुंड आणि हरिकेन पॉइंट या सर्व ठिकाणी बस जवळपर्यंत जाते. पंचबोलला कठड्याशी उभे राहून हाक दिली की समोरच्या दऱ्यांतून ती पुन्हा पुन्हा परत येते, आणि त्याच बाजूला कॉफीचे मळेही आहेत. आपल्याकडे कॉफी पिकते हे ऐकून माहीत असलेल्या अनेकांनी तिचे झाड प्रत्यक्ष पाहिलेले नसते. हिरवी आणि लालसर फळे फांदीला घोसाने चिकटलेली असतात आणि झाड माणसाच्या उंचीएवढेच ठेवलेले असते. फळे तोडू नयेत.

देवी पॉइंटला देवीचे स्थान खडकाच्या कपारीत आहे आणि वरून पाणी ठिबकत असते, त्यामुळे तेथील पायऱ्या कोरड्या ऋतूतही ओल्या असतात. रबरी तळव्याची चप्पल नसेल तर वरूनच दर्शन घ्यावे. भीमाने विराटाच्या दरबारातील कीचकाचा वध करून ज्या कुंडात हात धुतले ते भीमकुंड, अशी लोकश्रद्धा आहे. कुंडाची कडा खोल दरीच्या तोंडाशी असल्याने कठड्याच्या पलीकडे कोणीही जायचे नाही. चारही ठिकाणे एकाच दिवशी दाखवणे शक्य असूनही आपण ती दोन दिवसांत विभागली आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते साडेतीन हा वेळ विश्रांतीचा आहे आणि त्या वेळेत कोणीही भजन, अंताक्षरी किंवा पत्ते यांचा आग्रह इतरांना करू नये.

गाविलगड किल्ल्यावर जाणार आहोत का?

होय, पण तो कार्यक्रम ऐच्छिक आहे. किल्ल्यात चांगला दोन तासांचा चढउतार आहे, वाटेत ढासळलेले दगड आहेत, आत पाणी किंवा खाण्याची सोय नाही. ज्यांना हे जमणार नाही ते त्या वेळी शासकीय बगिच्यात थांबतील.

ज्यांना जमेल त्यांनी मात्र किल्ला चुकवू नये, कारण नागपूरकरांचा या किल्ल्याशी थेट संबंध आहे. बहामनी काळात बांधलेला हा किल्ला पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखला गेला, त्याने आणि कर्नल स्टीव्हन्सनने गाविलगडाला वेढा घातला. स्टीव्हन्सनच्या तुकडीने अवजड तोफा डोंगरवाटांनी ओढत उत्तरेकडे आणल्या, बाहेरच्या तटाला खिंडार पाडले, आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडावा लागला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले मात्र त्यांच्याकडे राहिले. सकाळी आपण ज्या पुलावरून वर्धा ओलांडतो, तीच ही नदी. किल्ल्याच्या दरवाजावर कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी पाहण्यासाठी मान वर करून थोडे थांबावे लागते. घाईने आत शिरणाऱ्याला तो दिसत नाही.

जंगल सफारी आहे का? वाघ दिसेल का?

सहलीत सफारी समाविष्ट नाही. मेळघाट हा १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक आहे, पण तेथील डोंगराळ आणि दाट जंगलात वाघ सहज दिसत नाही, आणि केवळ वाघासाठी पहाटेच्या थंडीत उघड्या जिप्सीत बसण्याची अनेकांची तयारी नसते. ज्यांना हौस आहे त्यांनी सेमाडोहची फेरी स्वतंत्रपणे आरक्षित करावी आणि बस सुटण्याच्या वेळेपूर्वी परत यावे. आरक्षणावर ज्या ओळखपत्राची नोंद असेल ते मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे लागते. मेळघाटात रानपिंगळाही आहे. शंभरहून अधिक वर्षे नामशेष मानले गेलेले हे छोटे घुबड १९९७ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा सापडले. पक्षी पाहणाऱ्या सभासदांनी दुर्बीण आणावी.

परतवाड्यापर्यंत जात आहोत, तर मुक्तागिरीचे दर्शन का नाही?

बावन्न जैन मंदिरांचे हे क्षेत्र परतवाड्याजवळ असले तरी ते मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात आहे, आणि आपल्या बसचा परवाना महाराष्ट्रापुरता आहे. शिवाय तेथे पायऱ्यांची चढण मोठी आहे. मुक्तागिरीसाठी स्वतंत्र सहल काढणे अधिक योग्य ठरेल.

खोल्या कशा दिल्या जातील?

एका खोलीत तीन किंवा चार जण असतील, महिला आणि पुरुष स्वतंत्र. पती-पत्नींसाठी स्वतंत्र खोली हवी असल्यास तिचा जादा खर्च भरावा लागेल आणि खोल्या शिल्लक असतील तरच ती मिळेल. तळमजल्यावरील खोल्या ज्यांना जिना चढता येत नाही त्यांनाच मिळतील. घोरणाऱ्यांना एकत्र ठेवावे अशी लेखी मागणी आली होती. अर्जावर प्रामाणिक माहिती मिळाल्यास तिचा विचार करता येईल. गरम पाणी सकाळी साडेपाच ते आठ या वेळेतच मिळेल.

जेवणाची सोय कशी आहे?

जेवण साधे आणि शाकाहारी असेल: पोळी, भाजी, वरण-भात, एखाद्या वेळी झुणका-भाकर. सावजी रस्सा मिळणार नाही, त्याची आठवण काढून स्वयंपाक करणाऱ्याला अडचणीत आणू नये. उपवास असणाऱ्यांसाठी साबुदाण्याची उसळ करता येईल, पण ते आदल्या रात्री सांगावे लागेल. घरून सांबारवडी, शंकरपाळे किंवा दशम्या आणण्यास आडकाठी नाही. पॉइंटवर मात्र खाण्याची पिशवी हातात धरून फिरू नये. माकडे आणि वानरे सरळ हिसकावून घेतात.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी कोणती काळजी घ्यावी?

तीन दिवसांची नव्हे, पाच दिवसांची औषधे आणावीत आणि ती डिक्कीतील बॅगेत नव्हे, हातातील पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी थंड राहणारी पिशवी आणावी आणि जेवणाची वेळ नक्की झाल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नये, कारण घाटात जेवण तासभर पुढे जाऊ शकते. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी प्रवासाच्या सकाळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. ती बंद करण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये, आणि बस थांबवावी लागेल म्हणून पाणी पिणेही टाळू नये. बस थांबेल. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय, अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. घाटात काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून प्रत्येकाचा आजार, औषधे आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेला कागद सहलप्रमुखांकडे बंद पाकिटात असेल.

गरम कपडे किती आणावेत?

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर आणि चिखलदरा अकराशेवर आहे. उंची किलोमीटरभर वाढली की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे वर पाचएक अंशांचा फरक सहज पडतो आणि वारा असला की तो जास्त जाणवतो. स्वेटर, कानटोपी, मोजे आणि एक शाल पुरे. सामान एकाच मध्यम बॅगेत बसवावे.

नातवंडांना आणता येईल का?

पाच वर्षांवरील मुलांना पूर्ण जागेची वर्गणी भरून आणता येईल. त्यांची जबाबदारी आजी-आजोबांची राहील.

पैसे रोख आणावेत का? काय विकत घेण्यासारखे आहे?

रोख जवळ असावी, कारण रेंज गेली की फोनवरून पैसे देता येत नाहीत. मध आणि खवा बहुतेक जण घेतात. खवा पहिल्याच दिवशी घेण्याचा मोह टाळावा. तो परतीच्या सकाळी घ्यावा, स्टीलच्या डब्यात भरावा आणि डिक्कीत न ठेवता जवळ ठेवावा, कारण बसची डिक्की इंजिनाच्या उष्णतेने तापते. कोरकू वस्त्यांजवळून जाताना घरांत डोकावून किंवा न विचारता छायाचित्रे काढू नयेत. कोरकू ही मुंडा गटातील स्वतंत्र भाषा आहे, पण बाजारात मराठी आणि हिंदी चालते.

बसमध्ये खर्रा चालेल का?

नाही. खिडकीतून थुंकलेले मागच्या खिडकीतून आत येते, यापलीकडे कारण देण्याची गरज वाटत नाही. मद्यपान करून आलेल्या सभासदाला बसमध्ये घेतले जाणार नाही आणि त्याची वर्गणीही परत मिळणार नाही.

थांब्यावर कोणी मागे राहू नये यासाठी काय व्यवस्था आहे?

प्रत्येकाला एक क्रमांक दिला जाईल. बस सुटण्यापूर्वी पहिल्या क्रमांकापासून प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने पुकारायचा आहे. शेजाऱ्याचा आकडा "तो येतोच आहे" म्हणून दुसऱ्याने पुकारू नये. माणसे मागे राहतात ती याच सौजन्यामुळे. दिलेल्या वेळेनंतर दहा मिनिटे वाट पाहिली जाईल आणि मग दोन स्वयंसेवक शोधायला जातील.

चालकाला रात्री बाजारात न्यायला सांगता येईल का?

सांगू नये. कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तासांचे धरलेले आहे आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आवश्यक आहे. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आपल्या सर्वांना घेऊन घाट उतरणार आहे. त्याची झोपण्याची जागा आणि जेवण आपल्याच खर्चात धरलेले आहे, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी वर्गणी गोळा करण्याचीही गरज नाही.

परत नागपूरला केव्हा पोहोचू?

तिसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर नऊ वाजता बस निघेल. दुपारी अमरावतीला जेवण आणि अंबादेवी व एकवीरादेवीचे दर्शन होईल. जाताना टाळलेले शहर येताना पाहण्यामागे कारण इतकेच की त्या वेळी पुढे घाट नसतो. बस सायंकाळी सात ते आठच्या दरम्यान वाडी नाक्यावर येईल आणि तेथून उलट क्रमाने रवीनगर, शंकरनगर आणि सक्करदरा येथे थांबेल. वाडी आली की बसमधून घरी फोन करावा, म्हणजे न्यायला येणाऱ्यांना चौकात ताटकळत बसावे लागणार नाही. ज्यांना न्यायला कोणी येणार नाही त्यांनी तसे अर्जावर लिहावे. एकाच बाजूला जाणाऱ्या तिघा-चौघांसाठी मिळून ऑटो ठरवून दिला जाईल.